लेक हवेत असताना

"लेक हवेत असली का मी बसत नाही गा," असं म्हणत ते आमच्या काउंटरसमोरची खुर्ची पायानंच मागे सारत. रामदासपेठेतल्या आमच्या विमान तिकिटांच्या ऑफिसात तेवढी एकच खुर्ची धड होती. तरी ते उभेच.

महाल भागात या काकांचं शिवणकामाचं दुकान होतं. एकुलती लेक मालदीवला, मालेच्या दवाखान्यात नर्स. जावई श्रीलंकेत, कोलंबोला नोकरीला. या बेटावरून त्या बेटावर तिची दर महिन्याला ये-जा. ती विमानात असेल तेवढा वेळ हे मशीनवर बसत नसत, उभ्यानं कापड बेतत. इतर बाप देवाला नारळ वाहतात, यांनी गुडघे वाहिले होते.

माझ्याकडून त्यांना एवढंच हवं असे, की नेमकं किती वेळ उभं राहायचं. प्रश्न पुरता ऐकण्याआधीच उत्तर देणारे लोक तुम्ही पाहिले असतील. मी त्यांतलाच. तिकिटावर कोलंबोहून निघायची वेळ दहा, मालेला पोचायची अकरा. मी ऐटीत सांगितलं, "पावणेआठशे किलोमीटर, काका. एक तास!"

त्या दिवशी ते ऑफिसातच उभे राहिले. अकरा वाजले, फोन नाही. सव्वाअकराला ते काउंटरवर वाकले. "उतरली का गा?"

"उतरलीच असणार," मी म्हणालो आणि कॉम्प्युटरची बटणं उगाच बडवत राहिलो. साडेअकरानंतर तिचा फोन आला. मालेचं घड्याळ कोलंबोच्या, म्हणजे आपल्याही, अर्धा तास मागे चालतं, हे पंधरा वर्षं तिकिटं विकणाऱ्या माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलं.

आता शिव्या बसणार, असं मी धरून चाललो होतो. ते फक्त म्हणाले, "तुनं शिलाईले कापड सोडलंच नाही गा. अशानं झंपर उसवते." आणि पुढच्या वेळी पुन्हा मलाच विचारायला आले! असा भाबडा माणूस मी पाहिला नाही.

मागच्या उन्हाळ्यात ते हृदयाच्या दुखण्यानं जवळच्याच दवाखान्यात भरती झाले. डॉक्टरांनी हलायचीही मनाई केली होती. लेक मालेहून इकडे यायला निघाली होती. मी भेटायला गेलो, तर हे पलंगाचा दांडा धरून उठत होते. "सोड वं, पोरगी हवेत आहे," असं नर्सला सांगत होते.

विमान सुटून वीस मिनिटंही झाली नव्हती. मी म्हणालो, "काका, उतरली. मले फोन आला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि निमूट आडवे झाले. संध्याकाळी ते गेले. लेक दुसऱ्या दिवशी पोचली.

तेराव्यानंतर ती ऑफिसात आली. "मी येत होती तवा बाबा उभे होते का, भाऊ?"

थाप मारणं मला जड नव्हतं. पण तिच्यासमोर जीभ रेटेना. मी खरं ते सगळं सांगितलं आणि मान खाली घातली.

ती मग म्हणाली, "माह्यासाठी सहा वर्षं उभे राहिले बाबा. तुम्ही बसवलं, बरं केलं."