डिक्कीतलं लिव्हर

माझ्या लिव्हरचा तुकडा स्कूटरच्या डिक्कीत ठेवून मी उसाचा रस प्यायला गेलो. मे महिना, दुपारचा एक, नागपूरचं ऊन. एक ग्लास घेईन म्हणालो होतो, दोन झाले. परत येऊन डिक्की उघडली, तर मेणाच्या ठोकळ्याची एक कड खचली होती आणि आतला सुतळीच्या धाग्याएवढा तपकिरी तुकडा तिरका झाला होता.

लिव्हर डिक्कीत कसं पोचलं, ते सांगतो.

मार्चमध्ये एका तपासणी शिबिरात रक्तातले लिव्हरचे आकडे वाढलेले निघाले. साखरही. सोनोग्राफीत चरबी दिसली. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "घेता का?"

"थेंबही नाही," मी छाती पुढे काढून सांगितलं.

डॉक्टरांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. शोभा छताच्या पंख्याकडे पाहत होती.

तेव्हापासून आमच्या घरात संशयाने मुक्कामच ठोकला. सावनेरचा साळा फोनवर आवाज बारीक करून म्हणाला, "भाऊजी, मले तरी सांगा ना, कोणती घेता?" शोभा तर संध्याकाळी माझा शर्ट बादलीत टाकण्याआधी नाकाशी धरायची, उलटसुलट करून पाहायची. वर विचारायची, "आज कुठे कुठे गेले होते जी?" सव्वीस वर्षांचा संसार आणि माणसाची ही किंमत! मी दुखावलो होतो.

मी स्वतः कमी संशयी नाही, हेही कबूल करतो. वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात मी आलेला माल तपासतो. बिल्टीवरचा नंबर आणि पेटीवरचा नंबर जुळल्याशिवाय सख्ख्या भावालाही पेटी सोडत नाही.

डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली. म्हणजे उजव्या बरगड्यांच्या मधून सुई घालून लिव्हरचा बारीकसा तुकडा काढायचा. जागा बधिर केली, श्वास रोखायला लावला, 'टक्' आवाज आला, झालं. पुढचे काही तास उजव्या कुशीवर. दुखलं थोडं, भीती जास्त वाटली.

आठवड्याने रिपोर्ट आला. फायब्रोसिस, म्हणजे लिव्हरमध्ये पडलेले व्रण. ते किती गंभीर, हे शून्य ते चार असं मोजतात. माझ्या कागदावर होतं 'तीन ते चार'. खाली बारीक अक्षरांत: तुकडा छोटा, मोडलेला, खात्री देता येत नाही.

"तीन ते चार म्हणजे साडेतीन का?" मी विचारलं.

"तसं नसतं," डॉक्टर म्हणाले. "चार म्हणजे सिऱ्हॉसिस, लिव्हर गाठीगाठीचं झालं. पोटात पाणी, रक्ताच्या उलट्या, ही काळजी मग जन्मभर. तीनवरून मागे फिरता येतं. आपल्याला ठरवावंच लागेल. पुन्हा सुई घालण्याआधी हाच तुकडा दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना दाखवू."

तीन की चार. परतताना शोभा स्कूटरवर मागे बसली होती. माझ्या खांद्यावरचा तिचा हात नेहमीपेक्षा जड होता.

तो तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून लॅबमध्ये जपून ठेवतात, आणि दुसरीकडे दाखवायचा तर बरेचदा आपणच घेऊन जायचा असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी काउंटरवर गेलो. ठोकळ्यावरचा नंबर रिपोर्टशी तीनदा जुळवला, बॉलपेनने तळहातावर लिहून घेतला.

"काका, तुमचाच आहे," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"कशावरून?"

"दुसऱ्याचं लिव्हर तुम्हाला देऊन आम्हाला काय मिळणार?"

एवढी चौकशी करणारा मी, पुढच्या चौकात रसवंतीची घुंगरं ऐकली आणि स्कूटर उन्हात लावून मोकळा झालो.

दुसऱ्या लॅबमधल्या मॅडमनी ठोकळा उजेडात धरला. "हे काय झालं?"

"सिग्नलवर ऊन लागलं."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "नशीब तुमचं. आम्हीही तो गरम मेणातच बसवतो, त्यामुळे तुकडा वाया नाही गेला. नव्या मेणात घेऊ."

घरी शोभालाही सिग्नलच सांगितला. ती म्हणाली, "केवढा मोठा सिग्नल होता जी!"

सहा दिवस वाट पाहिली. गोदामात माझ्याकडून पेट्यांचे नंबर चुकायला लागले. सहाव्या दिवशी आम्ही दोघं गेलो. मॅडमनी पडद्यावर माझं लिव्हर दाखवलं. लालसर मांस, त्यात निळे धागे. ते निळे म्हणजे व्रण, खास रंगाने उठून दिसतात. "हे धागे एकमेकांना जोडले गेलेत, पण कुठेच पूर्ण वेढा नाही. पहिल्या लॅबने घेतलेला काप लिव्हरच्या वरच्या कडेचा होता, तिथे मुळातच निळं जास्त असतं. आत खोल कापल्यावर स्पष्ट झालं. टप्पा तीन."

शोभाने डोळे पुसले. मी विचारलं, "पण हा तुकडा माझाच कशावरून?"

"नंबर हातावर लिहून तुम्हीच घेऊन आलात ना?" मॅडम म्हणाल्या.

तुमच्यावर अशी वेळ आली तर एवढं करा: रिपोर्टवर तुकड्याची लांबी असते, ती पुरेशी आहे का ते डॉक्टरांना विचारा. शंका असेल तर दुसऱ्यांना दाखवायला लाजू नका. आणि ठोकळा सावलीतून न्या.

आमच्या डॉक्टरांनी, हा दारूचा नाही, वजनाचा आणि गोडाचा प्रताप आहे म्हणत, दहा किलो वजन उतरवायला सांगितलं, गोड बंद केलं, वर्षाने पुन्हा तपासू म्हणाले. मागे फिरायला रस्ता शिल्लक आहे, आणि ज्यांनी तो नीट मोजून दाखवला, त्या मॅडमचे उपकार मी विसरणार नाही.

घरी आल्यावर मी जरा तोऱ्यातच शोभाला म्हणालो, "आता तरी पटलं ना, मी दारू पीत नाही ते? उगाच इतके दिवस शर्ट हुंगत होतीस."

ती बादलीतला शर्ट पिळत होती. वर न पाहता म्हणाली, "दारूचा डाऊट मले कधीच नव्हता. दारू पिणाऱ्याच्या शर्टाले मुंग्या नाही लागत जी."