पहिल्या शब्दाचा मान

शब्दाच्या घडणीत समाजाचा आत्मा दिसतो. माझ्या भाचीने संशोधनाच्या प्रस्तावात पहिलंच वाक्य हे घातलं होतं आणि विद्यापीठातल्या मंडळींना ते आवडलंही होतं. आमच्या गावात हा आत्मा वरच्या वाडीत राहतो की खालच्या, एवढं नमूद करायचं मात्र तिच्याकडून राहून गेलं. पुढचा सगळा उन्हाळा त्यात गेला.

तिचा विषय शब्द कसे बनतात हा. गावाला 'की' जोडली की गावकी होते, भावाला जोडली की भावकी होते. मान असणारा तो मानकरी, भांडण्याची खोड असणारा तो भांडखोर. मी रत्नागिरीत एका कॉलेजच्या ग्रंथालयात जन्म काढला, त्यामुळे शब्दांवरची पुस्तकं मी पुष्कळ झटकली आहेत. तरी एखाद्या माणसाने शेपटं सुटी करून शब्द उन्हात वाळत घालावेत आणि त्याबद्दल त्याला विद्यापीठाने शिष्यवृत्ती द्यावी, याची मला मौज वाटे. भाचीला मी तसं म्हणतही असे. ती म्हणे, "मामा, तुम्ही आयुष्यभर पुस्तकांना नंबर चिकटवलेत. तुम्ही बोलू नका."

अडचण तिच्या मार्गदर्शक बाईंनी आणली. तिने आमच्या भागातल्या शब्दांचं एक प्रकरण लिहून दाखवलं, ते बाईंनी परत केलं. "हे सगळे शब्द कोशात आहेत," त्या म्हणाल्या. "कोशातले उतरवून काढायला पीएचडी कशाला? प्रत्यय जिवंत आहे म्हणता ना, मग त्याला नुकतं झालेलं पोर दाखवा. आणि ते तुम्ही विचारून वदवलेलं नको. माणसं आपापसात बोलताना सहज निघालेलं हवं." कॉलेजं उघडेपर्यंतची मुदत दिली. नाहीतर प्रकरण गळणार, आणि त्या प्रकरणावरच बाकीचा प्रबंध उभा होता. शिष्यवृत्तीही त्याच वर्षी संपत होती. नवा विषय घ्यायचा तर घरी बसून घ्यावा लागला असता, आणि घरी बसली की तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या मनात तिच्यासाठी वेगळाच विषय होता. स्थळं दोन येऊनही गेली होती.

म्हणून एप्रिलात आम्ही दोघं गावी गेलो. आमचं गाव पालीच्या पुढे आत आहे. वरची वाडी आणि खालची वाडी, मध्ये एक पऱ्या, म्हणजे पावसात वाहणारा आणि उन्हाळ्यात नुसते दगड दाखवणारा ओढा. दोन्हीकडे एकच कूळ, एकच देव. घरटी एक पुरुष मुंबईत, काही घरी दोन. आमचं घर वरच्या वाडीत, म्हणून आम्ही आधी तिथेच माझ्या चुलत्यांकडे टेकलो. चुलते वरच्या वाडीचे मानकरी. शिमग्यात पालखी आधी त्यांच्या अंगणात येते, आणि वर्षातले उरलेले दिवस ते ती आत्ताच येऊन गेल्यासारखे बसलेले असतात.

चहा झाला. भाचीने विषय सांगितला, परवानगी विचारली आणि रेकॉर्डर ओट्यावर ठेवला. चुलते आत गेले. बाहेर आले ते अंगात सदरा घालून.

"आजोबा, तुम्ही नेहमी बोलता तसं बोला," भाची म्हणाली.

"नेहमीसारखंच बोलतंव की," असं म्हणून त्यांनी घसा साफ केला. मग म्हणाले, "आमचे गाव निसर्गरम्य आहे. गावाच्या पूर्वेस डोंगर असून पश्चिमेस नदी वाहते."

गावाच्या पश्चिमेला नदी नाही. पण चौथीत असताना त्यांनी 'माझा गाव' हा निबंध लिहिला होता, त्यात ती होती. ते अर्धा तास बोलले. वृक्षवल्ली, ग्रामस्थ, एकोपा, सर्व काही आलं. मध्येच काकूने दारातून विचारलं, "आवो, म्हशीला पानी दाखवलात?" तर तिच्याकडे न बघता म्हणाले, "जनावरांस पाणी देण्यात आलेले आहे." काकू बादली उचलून स्वतःच गोठ्याकडे गेली.

घरोघर हेच. भाषा विद्यापीठात जाणार म्हटल्यावर प्रत्येकाने तिला आंघोळ घातली, नवे कपडे चढवले. पाहुण्यापुढे फुटका कप ठेवायचा नाही, तसं त्याच्यापुढे घरचं बोलणं ठेवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. भाची रेकॉर्डर बंद करी, की गावठी बोलणं भरभरून सुरू होई. चालू करी, की पुन्हा नदी वाहू लागे. लपवून रेकॉर्ड करायचं नाही, असा तिचा नियम होता. तो मला त्या दिवसांत फारच उंची वाटला.

संध्याकाळी आम्ही पऱ्या ओलांडून खालच्या वाडीत गेलो. तिथले पुढारी म्हणजे एक निवृत्त कंडक्टर. त्यांनी पाणी दिलं, कोकम सरबत दिलं, काजूगर दिले, बोलणं मात्र दिलं नाही.

"वरच्या वाडीत आधी बोलून झालं म्हणे," ते म्हणाले.

मी म्हटलं, "वाटेवर घर आहे, म्हणून आधी थांबलो."

"वाटेवर तर पऱ्याही हाय. त्याचा आवाज घेतलाव?"

मी सरबताचा पेला खाली ठेवला.

"बघा भाऊ," ते म्हणाले, "पालखी आधी त्यांच्या अंगणात जाते, हे आमी मानतंव. पण पालखीला पहिला खांदा कोनाचा? आमचा. खांद्याशिवाय पालखी जाते का अंगनात? मंग विद्यापीठात आमचा गाव जानार, त्याचा पहिला शब्द कोनी बोलायचा, ह्ये तुमी परस्पर ठरवलाव कसा?"

भाची म्हणाली, "अहो काका, यात पहिलं-दुसरं काही नसतं. सगळ्यांचं बोलणं सारखंच."

"सारखा असंल तर आधी आमचा घ्यायला काय हरकत होती?" कंडक्टर म्हणाले. मुद्दा बिनतोड होता. त्यांनी आमच्या हातावर आणखी काजूगर ठेवले.

दुसऱ्या दिवशी देवळात गावकी बसली. विषय एकच, पहिल्या शब्दाचा मान. वरच्या वाडीचं म्हणणं, शब्द घेऊन झालेला आहे, आता तो परत कसा घेणार. खालच्या वाडीचं म्हणणं, तो घेतलेला शब्द पुसून टाकावा आणि नारळ ठेवून नव्याने सुरुवात करावी. मी उभा राहून सांगितलं की काकांच्या अर्ध्या तासात कामाचा एकही शब्द नाही, तेव्हा तो पुसला तरी चालेल. याने भांडण मिटायला हवं होतं. पण चुलत्यांनी नंतर दोन दिवस माझ्याशी अबोला धरला आणि खालच्या वाडीने मला वरच्या वाडीचा धूर्त माणूस ठरवलं. शेवटी असं ठरलं की मुंबईला विचारावं. आमच्याकडे देवाला कौल लावतात, पण निर्णय मुंबईहून येतो. तोवर दोन्ही वाड्यांनी रेकॉर्डरपुढे बोलायचं नाही.

आम्ही रत्नागिरीला परत आलो. भाची माझ्या घरी माडीवर बसून नोकरीच्या जाहिराती वाचू लागली. बहिणीचा रोज फोन येई आणि बोलता बोलता एखाद्या मुलाच्या पगारावर येऊन थांबे.

निर्णय व्हायचा होता तो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. मी त्या ग्रुपमध्ये आहे, पण पोटमाळ्यावरच्या पिंपासारखा, कधी कोणी उघडून बघत नाही. एरवी तिथे वाढदिवसाचे केक आणि देवीचे फोटो येतात. त्या आठवड्यात मात्र आवाज येऊ लागले. एवढं मोठं भांडण टाइप कोण करणार? मुंबईतली मंडळी कामावरून सुटली की फोन तोंडाशी धरत आणि बोलत. आवाजाचा एकेक तुकडा चार-चार मिनिटांचा, मागे गाड्यांचे भोंगे, कुकरच्या शिट्ट्या. गावातून कंडक्टर उत्तर देत, चुलते उत्तर देत. विद्यापीठ सगळे विसरले होते. नदीही कुठच्या कुठे गेली होती.

मी जेवताना ते लावून ठेवत असे, करमणूक म्हणून. एका दुपारी कंडक्टरांचा आवाज आला. ग्रुप चालवतो तो माझ्या चुलत्यांचा मुलगा, त्याने त्यांचं कसलंसं बोलणं पुसलं होतं. "आमच्या बापजाद्यांनी खोतकी सोसली," कंडक्टर कडाडत होते, "पाटीलकी सोसली. आता ह्या पोराची ॲडमिनकी सोसायची काय आमी?"

भाची भाताचा घास हातात धरून थांबली. "मामा," ती म्हणाली, "पुन्हा लावा."

मी पुन्हा लावलं. ती पुन्हा लावा म्हणाली. आमटी निवली.

मग आम्ही सगळा आठवडा मागे जाऊन ऐकला. ज्यांनी कंटाळून ग्रुपचा आवाज बंद करून टाकला होता, त्यांना एकाने 'म्यूटकरी' म्हटलं होतं, मानकऱ्यांच्या चालीवर. देवळाचं काम बाजूला ठेवून फोटो काढत फिरणारा एकजण 'सेल्फीखोर' ठरला होता. "तुमचं लाईकबिईक तुमच्याजवळ ठेवा" असंही एकाने सुनावलं होतं. या सगळ्या धंद्याला चुलत्यांनी स्वतः, तावातावाने, 'ग्रुपकी' असं नाव ठेवलं होतं. निसर्गरम्य गावाच्या त्या कवींच्या तोंडून एवढा चांगला शब्द निघेल असं मला वाटलं नव्हतं.

भाचीने ऐकलेलं सगळं बाईंना कळवलं. बाईंचं उत्तर आलं, पोर चांगलं बाळसेदार आहे, पण आईबापांची परवानगी हवी. बोललेल्या प्रत्येकाने हो म्हटल्याशिवाय त्याचा शब्द प्रबंधात घेता येणार नव्हता.

म्हणजे पुन्हा गाव. या वेळी गावकीसमोर भाची स्वतः उभी राहिली. तिने सांगितलं की तुमचे भांडणातले शब्द मला हवे आहेत. भांडणातले शब्द विद्यापीठाला कशाला हवेत, हे कोणालाच कळेना.

"शिव्याही घेनार काय?" एकाने मागून विचारलं.

"नाही. नवे शब्द फक्त."

"मंग माझं काय नाय त्यात," तो म्हणाला आणि खाली बसला.

चुलते म्हणाले, "माझा निबंध घेत नाहीस आणि भांडण घेतेस?"

"आजोबा, निबंध फार चांगला आहे. म्हणूनच घेता येत नाही." हे तिने इतक्या गंभीरपणे सांगितलं की चुलत्यांना ते पटलं. ती माझी भाची आहे, याची मला त्या क्षणी खात्री झाली.

कंडक्टरांनी मूळ प्रश्न काढला. "छापताना पहिला शब्द कोनाचा?"

सगळी गावकी तिच्याकडे बघू लागली. परवानगी याच उत्तरावर अडली होती, आणि कॉलेजं उघडायला आता फारसे दिवस राहिले नव्हते.

"अक्षरांच्या क्रमाने लावणार," ती म्हणाली. "ज्याचं अक्षर आधी, तो शब्द आधी. ते मी ठरवत नाही, तुम्हीही नाही."

दोन्ही वाड्यांनी आपापसात कुजबुज केली. अक्षरांचा क्रम मुंबईलाही बदलता येणार नाही, याची खात्री झाल्यावर दोघांनी मान डोलावली. मग क्रम लावून पाहिला तर सगळ्यात आधी 'ॲडमिनकी' आली. शब्द बोलणारा खालच्या वाडीचा, पण ज्याच्यावरून बोलला तो मुलगा वरच्या वाडीचा. पहिला मान आपल्यालाच मिळाला, असं दोन्ही वाड्यांनी त्याच बैठकीत जाहीर केलं. मुंबईहून अभिनंदनाचे आवाज आले.

प्रकरण मंजूर झालं, मग प्रबंधही झाला. भाचीच्या नावामागे डॉक्टर लागलं आणि बहिणीने आता डॉक्टर मुलं बघायला घेतली. एक बांधीव प्रत गावाला द्यायची, असं भाचीने कबूल केलं होतं. ती घेऊन आम्ही गेलो, तर देवळापुढे मांडव. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, नारळ फुटला, प्रतीला हळदकुंकू लागलं. ती कोणी हातात घ्यायची यावर थोडी कुरबुर झाली, मग एक बाजू चुलत्यांनी धरली आणि दुसरी कंडक्टरांनी. ताटातला प्रसाद बघावा तसं दोघांनी मिळून पहिलं पान उघडलं. दुसरं उघडलं. मधलं एक उघडलं आणि बराच वेळ त्यावर डोळे फिरवले.

"छपाई चांगली हाय," कंडक्टर म्हणाले.

"कागदही जाड हाय," चुलते म्हणाले आणि दोघांनी प्रत मिटून देवापुढे ठेवली.

प्रबंध इंग्रजीत होता.