कॉफीची पुडी आणि अंगात आलेला दादा

ऐका, पण कप आधी खाली ठेवा. ठसका लागला तर मला बोल लावू नका.

गेल्या पेरणीनंतर माझा मोठा भाऊ शामराव तापाने गेला. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. सगळे काहीबाही कबूल करून थकले. शेवटी मीच ओरडलो, "दादा, तुयं वावर मी वाहीन! अर्ध्या पिकावर, बटाईनं, कोणाले देत नाही!" झालं, कावळा टपकन खाली.

आता सांगा, दोन माणसांचं काम एकट्याने करायचं कसं?

माझा मावसभाऊ चिखलदऱ्याला एका साहेबाचा खानसामा. त्याने कॉफीची पुडी दिली. साहेब ही घेतो आणि रात्रभर लिहीत बसतो, म्हणाला. कशी घेतो ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आपल्याकडे पुडीतली वस्तू कुठे ठेवतात? गालात! आधी चिमूट, मग मूठ.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत दोघांच्या वावरांतलं तण काढून डवरणी उरकली. वाटलं, जिंकलो. मग झोपच गेली. छाती धडधडायची, हात थरथरायचे. बैल माझ्याकडे पाहून आपसात काहीतरी ठरवताहेत असं वाटू लागलं. आणि एका दुपारी कानात आवाज आला, बैल हाकतानाचा, दादाचाच.

घाबरून घरी पळालो. ओसरीवर टेकतो तर सगळं अंग घुमायला लागलं. मायने पाहिलं आणि उदबत्तीच लावली. शामराव अंगात आला म्हणून शेजारी हात जोडून गोळा झाले. मी सांगणार होतो की मी गणपत आहे. पण खरं सांगू? मलाच खात्री वाटेना. उलट बरं वाटलं. निदान भेटला तरी!

मायने विचारलं, "काय राह्यलं रे बापू तुयं?"

तोंडातून निघालं, "धाकट्याले झोपू द्या. लय थकला तो."

माय हमसून रडली. वहिनी मात्र उठली. मग आत गेली, घागर आणली आणि सगळी माझ्या डोक्यावर उपडी केली.

"हे ते नाहीत," ती म्हणाली. "ते या झोपाळूले पाणी टाकूनच उठवत. झोपू द्या, असं जितेपणी कधी म्हणाले काय?"

मग माझा गाल दाबून पाहिला. "थुका, भाऊजी."

अंगणात थुंकलो. काळा लगदा. हळूहळू थरथर उतरली, आवाजही गेला, आणि मला दहाव्याला आलं नव्हतं एवढं रडू आलं.

वहिनी शेजारी बसली. अर्धं वावर बटाईनं देऊ, म्हणाली, माणूस एवढा राबला तर त्याचं डोकं फिरतं.

मी म्हटलं, "आधी दादाले विचारू."

"आता कुठून विचारू? थुकलं ना तुमी त्यायले अंगणात."

माय रडता रडता हसली, शेजारीही हसले. आणि मी? मी उठून अंगणात पाहून आलो.