काळी चारचा तबला

१९९७ साल. मी त्रेसष्ट वर्षांचा. शाळा तिसरीत सुटली, पण तबला सुरात लावायला मला कुणाची गरज लागत नाही, हे मी चारचौघांत छाती ठोकून सांगायचो.

त्या रविवारी दुपारी शाहूपुरीतल्या एका हॉलात माझ्या गुरुबंधूच्या मुलीचं गाणं होतं. तो वारला होता. पोर मला काका म्हणायची. पुण्याहून एक संयोजक मुद्दाम तिला ऐकायला आलेला. गाणं पसंत पडलं तर आपल्या संमेलनात तिला बोलावणार होता. पेटीवाला मलकापूरचा, त्याची एसटी वाटेत बंद पडली. म्हणून सुराला आधार फक्त तंबोऱ्याचा, आणि तंबोरा म्हणजे विजेवरचा डबा. त्या डब्यावर माझा आधीपासूनच राग.

पोरीचा सूर काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. मी हातोडीनं ठोकून तबला लावला. ती वाकून हळूच म्हणाली, "काका, जरा चढलाय."

"तुझा डबा उतरलाय!" माईक चालू होता. लोक हसले, तसा मला आणखी चेव आला. "चाळीस वर्सं तबला लावतोय मी. ह्यो डबा मला शिकवणार व्हय?"

बैठकीत मोठ्या माणसाला खोटं पाडायचं नाही, हे तिला तिच्या बापानंच शिकवलेलं. तिनं बटण फिरवलं आणि तंबोरा माझ्या तबल्याला मिळवून घेतला. त्याच सुरात गायला लागली.

मुलतानी राग रंगत आला होता. पण वरच्या षड्जाला तिचा आवाज फाटला. परत गेली, परत फाटला. संयोजक मधूनच उठून गेला. शेवटी तिनं हात जोडले. "माफ करा, आज माझा घसा बसलाय."

मी हातोडी पिशवीत टाकली.

चहाच्या वेळी पेटीवाला पोचला. मला डबा खोटा ठरवायचाच होता. म्हणालो, "दाब रं काळी चार, कळू दे सगळ्यास्नी."

त्यानं पट्टी दाबली, तबल्यावर बोट मारलं, मग शेजारची पट्टी दाबली. "वस्ताद, ह्यो तर पांढरी सहाला हाय की! अर्धा सूर वर."

पोर मागंच उभी होती. म्हणाली, "काका, चहा गार होतोय."

त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उजवा कान वर्षभर दगा देत होता, हे मला ठाऊक होतं. घरातसुद्धा बोललो नव्हतो. कान गेलेल्या तबलजीला बैठकीला कोण बोलावतंय?

घरी आल्यावर तबल्याचा सूर उतरवला नाही. तसाच गवसणीत बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला संयोजकाच्या लॉजवर गेलो. तो दाढी करत होता. तबला त्याच्या कॉटवर ठेवला आणि म्हणालो, "पोरीचा घसा बसला नव्हता, पावणं. माझा कान गेलाय. कालचा सूर तसाच हाय ह्यात, पेटीवर ताडून बघा."