उदोमकाकांची चक्कर

आमच्या कालव्याकाठच्या बाजारात उदोमकाकांइतकी जाणकार जीभ दुसऱ्या कुणाची नाही, असं उदोमकाकांचंच मत आहे. जमीनमोजणीच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेला हा माणूस. जन्मभर लोकांच्या बांधांची भांडणं पाहिली, स्वतः कधी कोथिंबिरीची काडी लावली नाही. बायको गेली, मुलगी बँकॉकला राहते. तेव्हापासून सकाळी भिक्खू भिक्षा घेऊन देवळाकडे वळले की काका लमाईमावशीच्या नूडल्सच्या दुकानात हजर.

माझं कॉफीचं दुकान बरोबर समोर, त्यामुळे त्यांचं जेवण मला रोज पाहावं लागायचं. वाडगा समोर आला की आधी मासळीचं खारं पाणी, मग चार चमचे साखर, मग मिरची, मग व्हिनेगर. मावशीच्या हातचं त्यात काय उरत असेल ते देव जाणे. एवढं ढवळून एक घोट घ्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "लमाई, आज मीठ अंमळ जास्त झालंय हं." मग फुकटचा रस्सा मागून घ्यायचे.

लमाईमावशीची सासू होडीत बसून नूडल्स विकायची. सुनेने काठावर पत्र्याखाली दुकान थाटलं, पातेलं मात्र सासूचंच ठेवलं. नवऱ्याने दारू पिण्याखेरीज काही केलं नाही आणि तेही लवकरच आटोपलं. घर चाललं ते त्या पातेल्यावर. बाजारात तिला मान होता तोही त्या पातेल्यामुळेच.

त्या रश्श्यात गांजाची पानं असायची. आलं, लसूण, गवती चहा आणि मूठभर पानं फडक्यात बांधून पातेल्यात सोडायची. त्याने रश्श्याला गोडी येते, भूक लागते, दुपारी डोळा बरा लागतो. नशाबिशा काही नाही. आमच्याकडे जुन्या बायका असंच करत आल्या. खुद्द फौजदार दोन वाडगे चापून जायचा. बंदी होती म्हणून कुणी नाव काढत नव्हतं, इतकंच.

मग सरकारने बंदी उठवली आणि एका रात्रीत सगळा देश वैद्य झाला. ज्यांनी कधी रोपटं पाहिलं नव्हतं ते चहात, केकात, साबणात पानं घालून विकायला लागले आणि ज्यांना काही दुखत नव्हतं ते विकत घ्यायला लागले. त्याबरोबर हुकूम निघाला की पदार्थात पान घालत असाल तर तशी पाटी लावा. लमाईमावशीने लगेच पाटी रंगवून आणली, 'या रश्श्यात गांजाची पानं आहेत. मुलांनी व गरोदर बायकांनी खाऊ नये.'

मी म्हटलं, "मावशी, इतकी वर्षं गप्प बसलीस, आता कशाला दवंडी पिटतेस?"

"अगं तिम, बंदी होती तेव्हा न सांगणं शहाणपणाचं होतं. आता मोकळीक दिलीय, तर न सांगणं लबाडीचं होईल."

असा विचार करणाऱ्यांचं बाजारात कधी भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी उदोमकाका आले. वाडगा संपवला, फुकटचा रस्सा प्यायले, तोंड पुसलं, चष्मा लावला आणि मग पाटी वाचली.

"ही पाटी कधीपासून?"

"कालपासून," मावशी म्हणाली.

"आणि पानं?"

"तुम्ही यायला लागलात त्याच्या आधीपासून."

काकांनी खांब धरला. घशाला कोरड पडली म्हणाले, छाती धडधडतेय म्हणाले. मी धावत गेले तर माझ्याकडे पाहून म्हणतात, "तिम, मला दोन तिम दिसतायत."

"मग दोघींचा हात धरून खाली बसा," मी म्हटलं.

पण ऐकतील कसले. आडवेच झाले. गाडी बोलावली, दवाखान्यात नेलं. डॉक्टरने तपासलं, पोटात वारा धरलाय म्हणून सांगितलं आणि साखर कमी करा म्हणून घरी धाडलं. हे काकांनी कुणाला सांगितलं नाही. बाजारभर सांगत सुटले, "बाईने मला वर्षानुवर्षं विष चारलं." वर्षानुवर्षं विष खाऊन हा गृहस्थ बैलासारखा धडधाकट कसा, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. उलट ज्याला त्याला आपापली चक्कर आठवायला लागली. मासळीवालीचा मुलगा परीक्षेत नापास झाला तो रश्श्यामुळे. शिंप्याला लॉटरीचा आकडा चुकीचा सुचला तोही रश्श्यामुळे. साप साप म्हणून भुई धोपटायची, तर आमच्या बाजाराने धोपटावी.

ऐन त्याच दिवसांत बसथांब्याजवळ हिरव्या दिव्यांचं एक दुकान उघडलं. मालक आनोन, बँकॉकचा तरुण, बोलायला साखरेसारखा. तिथे पानांचा चहा, पानांची बिस्किटं, झोपेसाठी थेंब. उदोमकाका थेंबांची बाटली घेऊन मला दाखवायला आले.

"काका, विष ना हे?"

"तुला नाही कळायचं. यावर नंबर आहे, शिक्का आहे. शास्त्रीय आहे हे."

मावशीकडे आता माश्या बसत होत्या. शेवटी तिने पाटी उतरवली आणि पानं घालणंही बंद केलं. काका ऐटीत आले, चार लोकांना घेऊन आले. घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"लमाई, रस्सा पाणचट झालाय. हाडांत काटकसर करायला लागलीस होय?"

मावशी एवढंच म्हणाली, "पानं काढलीयत, काका."

"पानांचा चवीशी काय संबंध? मला शिकवू नकोस."

त्यांनी वाडगा अर्धा टाकला, म्हणून बरोबरच्यांनीही टाकला. पावसाळा सरायच्या आत मावशीने दुकान बंद केलं. गावाकडे बहिणीपाशी जाते, असं तिने सगळ्यांना सांगितलं. खरं काय ते फक्त मला माहीत होतं. आनोनने तिचं पातेलं विकत घेतलं होतं आणि पातेल्याबरोबर तिलाही पगारावर ठेवलं होतं. मागच्या बाजूला, भटारखान्यात.

आता त्या दुकानात नूडल्सही मिळतात. तेच पातेलं, तीच फडक्यातली पुरचुंडी, तोच हात. वर शोभेला एक तळलेलं पान, आणि भिंतीवर माणसाच्या उंचीची पाटी, चकाकणारी. किंमत तिप्पट. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खरं नाही. विकतं, फक्त वर हिरवा दिवा लागतो.

परवा मी मावशीला भेटायला मागच्या दाराने निघाले होते, तर उदोमकाकांनी रस्त्यातच अडवलं आणि आत नेऊन बसवलं. पाटीखालीच त्यांची रोजची जागा आहे. वाडगा आला. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले.

"बघ तिम, याला म्हणतात रस्सा. मोजून-मापून केलेला. ती लमाई जन्मभर पातेलं ढवळत बसली, पण तिला हे जमलं नाही."

भटारखान्याच्या खिडकीत मावशी उभी होती. तिने सगळं ऐकलं. माझं डोकं असं तापलं की तो वाडगा त्यांच्या त्या जाणकार जिभेवर ओतावासा वाटला. मी उठलेच होते. मावशीने मान हलवली, नको म्हणून.

मागच्या दारी मी तिच्यावरच उखडले. "का थांबवलंस मला? सांगू दे ना त्या माणसाला, कुणाच्या हातचं ओरपतोय ते."

मावशीने हात कमरेच्या फडक्याला पुसले.

"नको गं बाई. त्याला कळलं तर उद्या परत चक्कर येईल. मग मी कुठे जाऊ?"