मामेसासऱ्यांचा न आलेला प्रिंटर

आमच्या मामेसासऱ्यांइतका हातांकडे न बघणारा माणूस जळगाव-धुळ्यात दुसरा झाला नसेल. जळगावातच मेहरूणला त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती आणि "बोटं खाली, डोळे मूळ प्रतीवर" हा त्यांचा धर्म होता. जेवतानाही ते ताटाकडे न बघता नेमकं लोणचं उचलत. मामींनी एकदा वाटी हलवली आणि बोटं थेट आमटीत गेली, तर म्हणाले, "मांडणी बदलली की चूक मांडणाऱ्याची!"

नव्वद सालानंतर पोरं कॉम्प्युटरकडे पळू लागली, टायपरायटरांवर धूळ बसू लागली, तेव्हा मामांनी मन घट्ट करून एक कॉम्प्युटर घेतला. प्रिंटर पुढच्या आठवड्यात येतो, असं विकणारा म्हणाला होता. तो आठवडा काही उजाडला नाही. मामांनी मात्र काम सुरू केलं, अर्थातच पडद्याकडे न बघता. लगेच पडद्यावर एक चौकट उगवू लागली: प्रिंटर सापडत नाही, पुन्हा प्रयत्न करू? चौकट येताना मशीन 'टिंग' करायचं. टायपरायटरवर टिंग म्हणजे ओळ संपत आली, हे मामांच्या हाडात मुरलेलं. डावा हात कागदाचं कॅरेज सरकवायला हवेत जायचा, मग आठवण होऊन करंगळी एंटर दाबायची. म्हणजे चौकटीला दर वेळी होकार! ती जायची आणि घटकाभरात परत हजर. मधलं टाइप केलेलं वाऱ्यावर. एकदा पानभर बडवून मान वर केली, तर पडद्यावर चार ओळी. "बठ्ठं गयं!" ही सगळं गेल्याची आरोळी ऐकून रस्त्यावरचा रिक्षावाला आत आला होता. चौकटीच्या जागी त्यांनी पोस्टकार्डही चिकटवून पाहिलं. शेवटी ते दर ओळीला दचकून वर बघू लागले, आणि ते बघून मला फार वाईट वाटायचं.

बोदवडहून रेल्वेनं येऊन त्यांच्याकडे शिकलेली एक मुलगी धुळ्याला कॉम्प्युटरवर नोकरीला होती. ती एका दुपारी भेटायला आली आणि बघताच हसली. "सर, तुम्हीच या चौकटीला हो म्हणताय. तुम्ही एक पान छापायला पाठवलंय, मशीन बिचारं तेच छापायला बघतंय." तिनं ते पान शोधून उघडलं. मामांनी पहिल्याच दिवशी टाइप केलं होतं: 'टायपिंगची नवी बॅच. प्रवेश सुरू.'

"हे रद्द केलं की चौकट येणार नाही. करू, सर?"

मामांनी पडद्यावरची ती ओळ पुन्हा वाचली. खोलीत आम्ही तिघंच होतो, बाकी झाकून ठेवलेले टायपरायटर.

"करी टाक, माय," ते म्हणाले. "आते कोन येस शिकाले?"

तिनं रद्द केलं. चौकट गेली ती कायमची. मला मात्र वाटलं, ती आणखी थोडे दिवस राहिली असती तरी चाललं असतं.