टेबलाखालची ऋता

दुपारी माईंचा डोळा लागतो तो झोपेने नव्हे, थकव्याने. आठ वर्षांची नात ऋता सकाळपासून जेवणाच्या टेबलाखाली बसून आहे. आंघोळीवाचून अन्नाला हात लावायचा नाही, हा कारखानीसांच्या घरातला माईंचा पन्नास वर्षांचा दंडक. आज त्यांनी तो चार वेळा सुनावला. चौथ्या वेळी ऋताने कान गच्च झाकून किंकाळी फोडली. पोर उपाशी आहे, आणि माईंच्या आवाजात आता जोर उरलेला नाही. आरामखुर्चीत पाठ टेकते न टेकते तोच समोर अप्पा उभे आहेत. सहा वर्षांपूर्वी गेलेले त्यांचे यजमान, गुरांचे डॉक्टर. अंगात दवाखान्यातला पांढरा कोट.

"हरलीस वाटतं?"

"तुमच्या नातीनं हरवलं. हट्टी आहे मेली."

"हट्ट नव्हे गं तो. 'कर' म्हटलं की तिचा जीव घुसमटतो. सूनबाईनं सांगितलं होतं ना तुला?"

"सूनबाई मला शिकवणार?"

अप्पा हसतात. खोलीचा गुरांचा दवाखाना झालेला आहे. टेबल तेच, पण त्याच्या पायांना नदीचे पाणी लागते आहे. अप्पा विजार दुमडून, टेबलाकडे पाठ करून काठावर बसतात.

"बुजऱ्या जिवाला समोरून हाक मारू नये. पाठ करून बसावं, आपलं आपल्याशी बोलावं."

"ती काय वासरू आहे?"

"वासराचं कोण बोलतंय? तुझंच सांगतोय. चव्वेचाळीस वर्षांत 'गोळी घे' म्हणालो कधी तुला? माझ्या पेल्याशेजारी तुझा पेला नि गोळी ठेवायचो, नि 'आज पाणी छान गार आहे' एवढंच म्हणायचो."

इतकी वर्षे माईंना वाटत आले की, गोळ्या आपण आपल्या मर्जीने घेतो.

अप्पा 'बस' म्हणत नाहीत. नुसते थोडे बाजूला सरकतात. माई पाण्यात पाय सोडून त्यांच्या शेजारी टेकतात.

"दमले हो मी."

"दिसतंय."

जाग येते. घोट्यांशी पातळाचा काठ चिंब ओला आहे.

माई उठतात. दहीभाताची वाटी टेबलाजवळ जमिनीवर ठेवतात, 'घे' म्हणत नाहीत. गुडघे धरत, टेबलाकडे पाठ करून त्या खाली बसतात.

"काठ भिजलाय माझा," त्या भिंतीला सांगतात. "नदीच्या पाण्यानं असावा."

मागे टेबलाखाली काहीतरी सरपटते. मग वाटीत चमचा वाजतो आणि भरल्या तोंडाने हुकूम येतो, "दाखव."

माई मुकाट्याने काठ मागे सरकवतात.